मानेचा तास

नाशिकच्या भाजीबाजारात मी मेथीची जुडी निवडत उभी होते. मागून आवाज आला, "उजवा खांदा वर चढलाय तुझा. पर्स डाव्या खांद्याला घे."

मागे वळायची गरजच नव्हती. शाळा सोडून मला नऊ-दहा वर्षं झाली होती. लग्न झालं होतं, मुलगा झाला होता, आणि अंगाबद्दल तर न बोललेलंच बरं. तरी सरांनी मला पाठमोरी ओळखलं. समोरून गेले असते तर खुशाल अनोळखी माणसासारखे पुढे निघून गेले असते, कारण चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. माना राहत. "चेहरा काय, रोज बदलतो," ते म्हणायचे. "मान बदलायला वर्षं लागतात."

सर मूळचे आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक. मुलींच्या पी.टी.ला शिक्षक मिळेनात, तेव्हा हेडमास्तरांनी तोही तास त्यांच्या गळ्यात मारला. चित्रकलेवाल्याला तसंही काय काम असतं, असा एकूण हिशेब असावा. दुसरा कोणी असता तर मुलींना लंगडी खेळायला लावून झाडाखाली पेपर वाचत बसला असता. सरांनी मात्र मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला, आणि खेळ शिकवायच्या आधी आमच्या माना हातात घेतल्या.

त्यांची स्वतःची मान लांब आणि बारीक होती. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं असे आणि त्या कॉलरमध्ये आणखी एक मान सहज मावली असती. सायकलवरून जाताना कोणी हाक मारली तर सर मान वळवत नसत. ब्रेक लावायचे, उतरायचे, सायकलसकट वळायचे आणि मग म्हणायचे, "बोला." तोवर हाक मारणारा निम्म्या वेळा निघून गेलेला असे.

कबड्डीला मान कशाला, असं आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी सर एक स्टीलचा डबा घेऊन आले. उघडून दाखवला तर आत घट्ट विरजलेलं दही, वरचा थर आरशासारखा. झाकण लावलं, डबा हातात धरला आणि एकच हिसका दिला. मग आमच्या वर्गातल्या एकीला डबा तपासायला सांगितलं.

"कुठं चेपलाय?"

"नाही सर."

"पोचा? ओरखडा?"

"काहीच नाही सर."

मग झाकण काढलं. दह्याचे तुकडे झाले होते आणि पाणी सुटून वर आलं होतं. "डबा म्हणजे तुमची कवटी," सर म्हणाले. "पडलात, आपटलात, तर लोक वरून डबा बघतात आणि म्हणतात, काही नाही झालं, ऊठ. आतलं दही कोणी बघत नाही. डबा हलू द्यायचा नाही, हे मानेचं काम." आणि ते दही त्यांनी दुपारच्या डब्यात साखर घालून खाऊन टाकलं. मी त्यानंतर दोन दिवस दही खाल्लं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सरावाच्या आधी पंधरा मिनिटं मानेचा तास असायचा. जोडीनं उभं राहायचं. एकीनं दुसरीच्या कपाळावर तळहात ठेवून मागे दाबायचं, दुसरीनं मान न हलवता तो दाब सोसायचा, दहा मोजेपर्यंत. मग डोक्याच्या मागून. मग डावीकडून, उजवीकडून. पुढच्या आठवड्यात तेच टॉवेल डोक्याभोवती घेऊन. मग बाकावर उताणं झोपून डोकं बाकाच्या कडेबाहेर अधांतरी धरायचं, हनुवटी आत ओढून. पडायचंसुद्धा शिकवलं, वाळूत, शंभरदा. पडता पडता सर ओरडायचे, "हनुवटी छातीला!" आम्ही जिना उतरताना एकमेकींना धक्का देऊन तेच ओरडायचो.

मुलांच्या तालमीतले एक वस्ताद एकदा सराव बघायला आले. म्हणाले, "मास्तर, असलं नाजूक काय चालवलंय? डोकं आणि पाय टेकून कमरेचा पूल घालायला लावा पोरींना, आठ दिवसांत माना तयार होतील." सर म्हणाले, "मोडायलाही आठच दिवस लागतील. झटका द्यायचा नाही, दाब द्यायचा. मानेला घाई चालत नाही." वस्ताद हसून गेले. सरांना हसण्याचं काही वाटत नसे. त्यांना फक्त एका गोष्टीचा राग यायचा, व्यायाम करताना श्वास रोखून धरण्याचा.

शिंप्याकडची जुनी टेप त्यांच्या खिशात असायची. दर महिन्याला आमच्या माना मोजून ते ड्रॉइंगच्या वहीत लिहीत, शेजारी प्रत्येकीच्या मानेचं छोटं रेखाचित्र. माझी मान संघात सगळ्यांत बारीक. मी कर्णधार, त्यामुळे मला त्याची फार लाज वाटायची. मी घरीही व्यायाम करायला लागले. आमची मखमलाबादच्या अंगाला भाजी आणि झेंडूची शेती. मी झेंडूच्या गोण्यांवर उताणी पडून डोकं अधांतरी धरायची. तीन महिन्यांत माप वाढलं आणि आईचं धाबं दणाणलं. ती तडक शाळेत आली, हातात स्वतःची ठुशी घेऊन.

"सर, ही माझ्या सासूबाईंची. हिच्या लग्नात हिलाच घालायची. आता मला सांगा, ही बसणार कशी?"

सरांनी ठुशी हातात घेतली, टेप काढली, ठुशी मोजली, मला बोलावून माझी मान मोजली. मग ठुशी उलटी करून आईला दाखवली. "वहिनी, हिला मागे गोंडा आहे. तो सरकवा, दोन बोटं सैल होते. अजून बरीच जागा आहे." आई गोंडा बघत राहिली. आयुष्यभर ठुशी घालून तिला तो कधी सरकवावा लागला नव्हता. घरी येताना म्हणाली, "माणूस येडा आहे, पण खोटं नाही बोलला."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण सरांची एक चूकही मला ठाऊक आहे. त्यांची मला माहीत असलेली ती एकच, आणि तिच्यात थोडा वाटा माझाही होता.

चित्रकार माणूस. त्यांना डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायका बघायचा नाद होता. भाजीबाजारात पहाटे पाट्या घेऊन येणाऱ्या बायका, वीटभट्टीवरच्या बायका. ते एका कडेला उभे राहून वहीत रेघा मारत. "काय तोल! काय ताठ कणा!" असं पुटपुटत. आम्ही नववीत असताना पेठकडच्या एका पाड्यावरची यमुना आमच्या वर्गात आली. ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची. अंगानं किरकोळ, बोलायला कमी आणि पळायला वाऱ्यासारखी. पहिल्या दिवशी मोजमाप करताना तिची मान बघून सरांची टेप हातातच थांबली.

"घरी काय काम करतेस?"

"पाणी आणते."

"किती लांबून?"

"झिऱ्यावरून. उतरून खाली जायचं, मंग वर चढायचं. दोन हंडे डोक्यावर, एक कडंवर."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला आमच्यापुढे उभं केलं. "बघा. ही मान. हिला मी काय शिकवणार? डोंगरानं शिकवलंय." त्यांनी तिचं मोठं चित्र काढून चित्रकलेच्या वर्गात लावलं. मानेच्या तासाला तिला सूट मिळाली. आम्ही घाम गाळायचो आणि ती शेजारी उभी राहून दहापर्यंत मोजायची. दिवाळीच्या सुट्टीला ती गावी निघाली तेव्हा सर तिला म्हणाले, "हंडे सोडू नकोस हं. तोच तुझा व्यायाम."

यमुना दोनदा मला म्हणाली होती, "माझ्यासंगं जोडी लाव ना. मला पन करायचंय." मी म्हटलं, "तुला कशाला? तुझं तर चित्र लागलंय भिंतीवर." तिला सूट आणि मला घाम, याचा मला राग होता. तो मी असा काढला. हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. शाळेच्या इतिहासात मुली तिथवर पहिल्यांदाच पोचल्या होत्या. हेडमास्तर स्वतः खुर्ची टाकून बसले होते. शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. यमुना चढाईला गेली. एकीला टिपून मध्यरेषेकडे झेपावली, तेवढ्यात एकीनं तिचा घोटा धरला आणि दुसरी बाजूनं खांद्यावर येऊन आदळली. यमुनाचं डोकं आधी एका बाजूला हिसकलं आणि मग मागून मातीवर आपटलं. हात मात्र रेषेपलीकडे पोचला होता. पंचांनी गुण दिला. आम्ही उड्या मारल्या.

यमुना उठली, कपडे झटकले, आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभी राहिली.

लोक हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. ते सरळ मैदानात शिरले, तिच्यासमोर किंचित वाकले आणि विचारलं, "यमुना, आज दुपारी काय खाल्लंस?"

"नागलीची भाकर," ती म्हणाली. "आयनं केली."

दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून वसतिगृहाची खिचडी खाल्ली होती.

"ही खेळणार नाही," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, ती चालतेय, बोलतेय. पाचच मिनिटं!" यमुना म्हणाली, "मी बरी हाय सर. जाते मी." हेडमास्तर खुर्चीवरून उठून आले. "अहो, मुलगी स्वतः म्हणतेय. शाळेची पोरं काय रोज इथवर येतात?" सरांनी कोणाकडे बघितलं नाही. यमुनाला हळूच खाली बसवलं आणि तिच्या मागे भिंतीसारखे बसून राहिले. आम्ही तीन गुणांनी हरलो. मी मैदानावरच रडले आणि चार दिवस सरांशी बोलले नाही. मला तेव्हा यमुनाची काळजी वाटली नाही. सामना गेल्याचं दुःख होतं, आणि तेवढंच होतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

यमुनाला त्या संध्याकाळी उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हिसका बसलाय, मानेचे स्नायूही दुखावलेत. पूर्ण विश्रांती, वजन उचलणं बंद, खेळ बंद. सरांनी डॉक्टरांना हंड्यांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वरून भार घ्यायची सवय वेगळी आणि बाजूनं आलेला हिसका झेलणं वेगळं. पण व्यायाम केला असता तर हे टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही." त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. सरांनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला आम्हाला रांगेत उभं करून ते म्हणाले, "सहा जणींच्या माना मी तयार केल्या. सातवीची मला तयार दिसली. मी मापलं नाही, तपासलं नाही, नुसतं बघितलं. चूक माझी आहे." त्या दिवशी मानेचा तास झाला नाही.

यमुनाचे मामा येऊन तिला गावी घेऊन गेले. आठ दिवसांसाठी म्हणून गेली ती महिना झाला तरी आली नाही. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, घरच्यांचा निरोप आहे, पोरगी आता येणार नाही. मार्चमध्ये दहावीची परीक्षा. एकदा घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे बाईंना माहीत होतं आणि आम्हालाही.

रविवारी सर आमच्या घरी आले. आईला म्हणाले, "वहिनी, मला यमुनाच्या घरी जायचंय. एकटा पुरुष मुलीच्या दारात जाणं बरं नाही. हिला पाठवाल?" आईनं मला डब्यासकट पाठवलं.

पेठला एस.टी.तून उतरून तासभर चाललो. सर वाटेत एकदाच बोलले. "काय म्हणायचं ते मी पाठ केलंय," ते म्हणाले. मलाही काही बोलायचं होतं आणि मी ते पाठ केलेलं नव्हतं.

यमुनाचे वडील पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला गेले होते. तिची आई अंगणात नागली पाखडत होती. यमुना ओट्यावर बसली होती, हडकलेली, पण मला बघून हसली. आईनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली. मी बघितलं, त्या आईला सरांकडे बघायचं झालं की ती मान वळवत नव्हती. कमरेपासून सगळी वळत होती. सरांनीही ते बघितलं. पाठ केलेलं भाषण त्यांच्या तोंडातच राहिलं.

"तुमची मान..." ते म्हणाले.

"आता वळत नाय," ती म्हणाली. "रातचे हात बी झोपतात. झिऱ्याच्या साऱ्याच बाया अशाच हाय, गुरुजी. त्याला काय!"

सर मग म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीला लागलं ते माझ्यामुळे. बाकीच्यांना मी व्यायाम दिला, हिला नाही दिला. मला वाटलं, पाणी वाहून हिची मान पक्की झालीय."

बाईनं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "दिवाळीला आली तं तिसरा हंडा डोक्यावर घेई. मी म्हणलं, काय करतीस? तं म्हणं, सर सांगतात, हंडे सोडू नको. मला हसावं का रडावं कळंना. गुरुजी, पानी वाहाया लागू नये म्हणून तं मी पोरीला शाळंत धाडली."

सर उघड उघड रडले नाहीत, पण चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, आणि तो पुसून होईना. मी यमुनाशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "तू जोडी लाव म्हणालीस तेव्हा मी लावली नाही." ती म्हणाली, "मला ठावं हाय. तुला राग होता." आणि तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

शेवटी चष्मा लावून सर म्हणाले, "तिला घरी ठेवायचं असेल तर ठेवा. मला आग्रह करायचा हक्क नाही. फक्त वजन देऊ नका. दोन महिने तरी काही डोक्यावर देऊ नका."

बाई तिच्या पोरीकडे वळली, सगळीच्या सगळी.

"आठ दिस नाय दिलं," ती म्हणाली. "मंग मला ताप आला. धाकटी लहान. ही गेली झिऱ्यावर, आन वर चढता चढता घेरी येऊन बसली. बायांनी धरून आणली." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "इथं ठेवली तं मी पुन्हा धाडीन, गुरुजी. पानी तं लागतंच. माझाच मला भरोसा नाय. तुम्ही न्या तिला."

यमुना उठली आणि आत जाऊन पुस्तकं गोळा करायला लागली. ती पुस्तकं बांधलेलीच होती.

दुपारच्या एस.टी.त आम्ही तिघं एका बाकावर बसलो, यमुना मध्ये. बाकाच्या पाठीला वर लोखंडी दांडा होता. घाट लागला तशी गाडी खड्ड्याखड्ड्यातून उडायला लागली. सरांनी खिशातला रुमाल घडी करून दांड्यावर ठेवला, तो घसरला. मग त्यांनी स्वतःचा तळहात तिच्या डोक्याच्या मागे धरला, न टेकवता, दोन बोटं अंतरावर. गाडी हिसका देई तेव्हा डोकं तळहातात येई आणि पुन्हा सुटं होई. यमुनाला झोप लागली. मी म्हटलं, "सर, थोडा वेळ मी धरते." त्यांनी नको म्हणून मान हलवली. घाट संपला, सपाटी लागली, तरी हात तिथंच होता.

नाशिकच्या स्टँडवर गाडी थांबली. यमुना जागी झाली, पिशवी उचलायला लागली, ती मी तिच्या हातातून काढून घेतली. सर अजून बसलेलेच होते. त्यांचा हात तसाच वर आखडला होता, त्यांना तो खाली घेता येईना. मग मी एका बाजूनं धरला, यमुनानं दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही दोघींनी मिळून तो हळूहळू, अजिबात झटका न देता, खाली आणला.